एकानं घरी थांबायचं

दाताच्या डॉक्टरांमुळे आमच्या घरात कुत्रं आलं. असं सांगितलं की लोक हसतात, पण झालं ते तसंच.

ह्यांची दाढ पंधरा दिवस ठणकत होती. हे म्हणजे माझे यजमान. लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी त्यांच्याबद्दल बोलताना माझ्या तोंडात दुसरा शब्द येत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी सगळी नोकरी काढली आणि वर्षभरापूर्वी निवृत्त झाले. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, पण मुदतीच्या चार वर्षं आधीच नोकरी सोडलेली. मुलगा आणि सून पुण्यात. राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच.

त्या दिवशी डॉक्टरांनी दाढ काढली, खड्ड्यात कापसाचा बोळा दाबला आणि सांगितलं, "अर्धा तास तोंड उघडायचं नाही. बोलायचं नाही, थुंकायचं नाही." दवाखाना घरापासून चार गल्ल्या. रिक्षा कशाला, म्हणून चालत निघालो. मार्चचं ऊन होतं. निम्म्या वाटेत ह्यांनी एकदम माझा दंड धरला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. समोर जे पहिलं दुकान होतं त्याच्या पायरीवर मी त्यांना टेकवायला लागले, तर आतून दुकानदार ओरडला, "पावणं, उन्हात कशाला बसताय? आत या, फॅनखाली बसा की."

दुकान कुत्र्यामांजरांचं होतं. एका भिंतीला माशांच्या पेट्या आणि दुसऱ्या भिंतीला काचेचे कप्पे, मिठाईच्या दुकानात असतात तसे एकावर एक. प्रत्येक कप्प्यात कातरलेला पेपर पसरलेला आणि त्यात पिल्लं. काही झोपलेली, एक काचेला नाक लावून उभं. सगळीकडे फिनेलचा वास. दुकानदारानं ह्यांना स्टूल दिलं, मला पाणी दिलं. चाळिशीचा, बोलका माणूस.

"दाढ काढली व्हय? लई कळ मारती. थांबा, औषध देतो तुम्हाला," असं म्हणत त्यानं वरच्या कप्प्यातनं एक पिल्लू काढलं आणि सरळ ह्यांच्या मांडीवर ठेवलं.

तांबूस कान, पांढरं पोट, कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा. बीगल म्हणतात त्या जातीला, हे मला तेव्हाच कळलं. एका ओंजळीत मावेल एवढंच होतं. त्यानं ह्यांच्या मनगटावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले.

आता आम्ही कुत्री पाळणारी माणसं नव्हे. माझ्या माहेरी, कागलच्या बाजूला, गोठ्यावर कुत्री असायची, पण ती कुणी आणलेली नसायची. ती आलेली असायची. शिळी भाकरी टाकली की राहायची, एखाद्या दिवशी निघून जायची. कुत्रं पैसे देऊन विकत घ्यायचं हे माझ्या आईच्या कानावर गेलं असतं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

पण आम्ही दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या पंख्याखाली, दुसऱ्याचं पाणी पिऊन बसलो होतो. काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारत राहिले. हे खातं काय? मोठं किती होतं? केस गळतात का? पोरांना प्रश्न विचारण्यात माझा जन्म गेला. समोर माणूस बसला की माझ्या तोंडून प्रश्नच निघतात. दुकानदार उत्साहानं उत्तरं देत होता.

मध्ये एकदा मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मान खाली घालून ते त्या पिल्लाकडे बघत होते, गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसत नव्हते, कारण एका हातात पिल्लू आणि दुसरा हात गालावर.

मनात आलं, निवृत्तीनंतर हा माणूस दिवसभर गॅलरीत उभा असतो. फौंड्रीच्या आवाजात आयुष्य गेलं त्याचं, आता घरात टाचणी पडली तरी ऐकू येते. ह्याला करमत नाही आणि हा सांगत नाही.

मी म्हटलं, "घेऊया का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडात बोळा. मान हलवली.

पैसे मी फोनवरूनच दिले. किती ते सांगत नाही. एवढंच सांगते की आमच्या लहानपणी तेवढ्यात दुभती म्हैस आली असती आणि वर रेडकूही. अर्धा तास व्हायच्या आत आम्ही रस्त्यावर होतो. माझ्या हातात खाण्याची पिशवी आणि ह्यांच्या हातात एक पुठ्ठ्याचं खोकं.

तिसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पिल्लाचं तोंड उघडून दात बघितले आणि आमच्याकडे बघितलं.

"दुकानदारानं वय किती सांगितलं?"

"दोन महिने."

"महिन्याचं असेल जेमतेम. आईपासून फार लवकर तोडलंय. हे एकटं राहणार नाही हं. आणि सगळ्या लसी होईपर्यंत खाली रस्त्यावर नेऊ नका. अडीच-तीन महिने घरातच."

कार्डावर लिहायला त्यांनी नाव विचारलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. मला वाटलं, कुत्रं त्यांचं, नाव त्यांनी ठेवावं. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच 'पिल्लू' असं लिहून टाकलं. पुढे ते पंधरा किलोचं झालं तरी नाव तेच राहिलं.

एकटं राहणार नाही म्हणजे काय, ते आम्हांला आठवड्यात कळलं. दोघं मिळून भाजीला गेलो. दाराला कुलूप लावून एक मजला उतरतो न उतरतो तोच वरून आवाज सुरू झाला. ते भुंकणं नव्हतं. मान वर करून लांबच लांब काढलेला हेल, बाई माणसानं ऊर बडवून रडावं तसा. आम्ही वीस मिनिटांत परत आलो तर पहिल्या मजल्यावरच्या भाभी जिन्यात उभ्या होत्या.

ह्या भाभी म्हणजे आमच्या बरोबर खालच्या घरातल्या. त्यांच्या घरचं गाद्यांचं दुकान आहे, तीन पिढ्यांपासूनचं. वीस वर्षांचा शेजार. मला त्या 'बाई' म्हणतात, कारण त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली. बोलायला सरळ.

"बाई, घरात कोण गेलं-बिलं का काय म्हणून मी पळत वर आले," त्या म्हणाल्या. "सून बाळंतीण हाय माझी. आताच लेकरू निजवलंतं."

मी माफी मागितली. त्या "न्हाई, न्हाई, माफी कशाला" म्हणाल्या, पण सुनेचं बाळ आत रडत होतं आणि ते मला ऐकू येत होतं.

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात नियम ठरला. कुणी बोलून ठरवला नाही. एकानं जायचं, एकानं घरी थांबायचं.

हा नियम मला नवा नव्हता, आणि इथंच मला मागचं सांगायला पाहिजे. माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या सहा वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांना सांभाळायला बाई ठेवली की वर्षभरात सोडून जायची. तिसरी गेल्यावर मी नोकरी सोडली. त्या सहा वर्षांत आम्ही दोघं मिळून घराबाहेर पडलो नाही. लग्न असो, मयत असो, एकानं जायचं, एकानं घरी थांबायचं. मुलाच्या लग्नात तेवढे आम्ही एका फोटोत आहोत, तेही सासूबाईंना खाटेसकट कार्यालयाच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं म्हणून.

त्या गेल्या. वर्ष पाळलं. मग आम्ही चार दिवस तारकर्लीला गेलो. दोघं, एकाच गाडीत, एकाच वेळी. समुद्रावर चालताना पाच वाजले की माझा हात आपोआप घड्याळाकडे जायचा, कारण पाचला त्यांना चमच्यानं चहा असायचा. चौथ्या दिवशी तो हात थांबला. परत आल्यावर ह्यांनी दक्षिणेचा अठरा दिवसांचा बेत आखला. रेल्वेची तिकिटं काढली. जूनमध्ये निघायचं होतं. मार्चमध्ये दाढ दुखायला लागली.

जूनची तिकिटं ह्यांनी फोनवर रद्द केली, मी स्वयंपाकघरात होते. "झालं," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हटलं. पिल्लाचे तेव्हा दुधाचे दात पडून नवे येत होते आणि ते कपाटाचा कोपरा कुरतडत होतं.

पहिल्या महिन्यातलं एक आठवतं. पिल्लू रोज कुठंतरी मुतायचं आणि फरशीच्या फटींतून वास जाईना. मी स्टूलवर चढून माळ्यावरनं मेणकापडाची गुंडाळी काढली. तपकिरी, एका बाजूनं रबरी. सासूबाईंच्या गादीवर घालायचे तेच. फेकून द्यायचं राहून गेलं होतं. ते पसरलं आणि त्याच्या घड्या हातानं सपाट करायला लागले, तसा माझा हात मध्येच थांबला. माझ्या भोवती सगळं होतं. जुन्या सुती साड्यांची फाडलेली फडकी बादलीत, फिनेलची बाटली, औषधाच्या वेळा लिहिलेला कागद फ्रिजवर. गॅलरीचं दार बंद, कारण गजांमधून पिल्लू पडेल. बाहेर सगळी राजारामपुरी चालू होती, क्लासच्या पोरांचे आवाज येत होते, आणि मी पुन्हा गुडघ्यांवर बसून मेणकापड सपाट करत होते. ह्या वेळी कुणी माझ्यावर लादलं नव्हतं. मीच जाऊन विकत आणलं होतं.

मी रडले नाही. ह्यांना ऐकू गेलं असतं. ते बाहेरच्या खोलीत पिल्लाला हातानं भात भरवत होते, आणि मला वाटलं, निदान त्यांना तरी सुख आहे.

असे पाच महिने गेले. सकाळी हे फिरून यायचे, मग मी मंडईत जायची. मी आले की हे बँकेत जायचे. दारात एकमेकांना भेटायचो, गडी शिफ्ट बदलतात तसे. "खाल्लं का त्यानं?" "खाल्लं. शी झाली नाही." एवढंच बोलणं. लसी झाल्या, पिल्लाला खाली न्यायला लागलो, तर तिथं गल्लीतली पाच-सहा कुत्री दबा धरून असायची. पिल्लाला जमिनीची सवय नव्हती. मातीवर पाय ठेवला की ते पाय उचलून माझ्याकडे बघायचं. म्हणून फिरणं म्हणजे जिना उतरायचा, फाटकापाशी उभं राहायचं, परत वर यायचं.

मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणायचा, "बरं झालं आई, तुम्हाला सोबत झाली." पिल्लू फोनची काच चाटायचं. आम्ही दोघं हसायचो. फोन बंद झाला की हे पेपर उघडायचे, मी स्वयंपाकघरात जायची.

ऑगस्टमध्ये आमच्या सुनेचं डोहाळजेवण ठरलं. पुण्याला दोघांनी या, असं व्याह्यांचं आग्रहाचं आमंत्रण. हे लगेच म्हणाले, "तू जा. बायकांचं काम. मी थांबतो."

मी एसटीनं गेले. चार दिवसांसाठी. कार्यक्रम छान झाला. मुलाच्या घराच्या तिसऱ्या खोलीत मला एकटीला झोपायला दिलं, दार लोटून घेतलं आणि मी सकाळी आठपर्यंत झोपले. उठल्यावर माझ्यासाठी काहीच काम नव्हतं. कुणाला भरवायचं नव्हतं, काही पुसायचं नव्हतं. चौथ्या दिवशी मी घरी फोन केला आणि म्हटलं, "पावसानं गाड्यांचं काही खरं नाही. दोन दिवसांनी येते."

पुण्यात त्या दिवशी चक्क ऊन होतं. चौतीस वर्षांत मी ह्यांच्याशी खोटं बोललेलं मला दुसरं आठवत नाही. हे म्हणाले, "ये सावकाश."

सहाव्या दिवशी दुपारी मी परतले. दाराला किल्ली लावली तर पिल्लू अंगावर आलं. आत हे जमिनीवर बसले होते, पाठ पलंगाला टेकून. दाढी वाढलेली. शर्टाला भाताची शितं. डोळे तापलेले.

"ताप आहे तुम्हाला," मी म्हटलं.

"हाय थोडा. तीन दिस झालं."

"मग फोन नाही करायचा? डॉक्टरांकडं तरी..."

"जाऊ कसा? ह्याला टाकून?"

मी पिशवी तशीच खाली ठेवली. खोटं बोलून काढलेले दोन दिवस माझ्या छातीवर बसले होते, आणि त्यातूनच मला राग आला. म्हणजे आला स्वतःचा, आणि निघाला त्यांच्यावर.

"मग हौस कशाला केलीत?" मी म्हटलं. "झेपत नव्हतं तर घ्यायचं कशाला? तुमच्या हौसेपायी मी पाच महिने ह्या चार भिंतींत काढले. तिकिटं गेली. एक शब्द बोलले का मी?"

ह्यांनी पलंगाला धरून मान वर केली.

"माझी हौस?" ते म्हणाले. "माझी कुठली हौस? तुला पाहिजे होतं की."

"मला?"

"मग! त्या दुकानात चौकशी कोण करत होतं? काय खातं, किती मोठं होतं. मी म्हटलं, पोरगं लांब गेलं, आई गेली, बाईला घर खायला उठतंय. घेऊया का, म्हणून तूच विचारलंस."

"तुम्ही रडत होता!"

"दाढ काढलीती गं माझी!" ते जवळजवळ ओरडलेच. "कळ मस्तकात जात हुती. थुंकायचं न्हाई, गिळायचं न्हाई. डोळ्यांतनं पाणी ईल न्हाई तर काय?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मला वाटलं आता हसू येईल. आलं नाही. पाच महिने मी त्यांच्यासाठी सोसत होते आणि पाच महिने ते माझ्यासाठी. पिल्लू आमच्या दोघांच्या मध्ये उताणं पडून पोट दाखवत होतं.

ताप उतरल्यावर आम्ही त्याला घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं ओळखलं. "आयला, केवढं झालंय!" परत घेता का, म्हणून ह्यांनी विचारलं तसा त्याचा चेहरा बदलला.

"पावणं, परत घेत न्हाई आम्ही. आणि घेतलं तरी ठेवू कुठं सांगा. काचेत बारकंच खपतंय. एवढं थोराड कोण घेतंय?"

वरच्या कप्प्यात दुसरं बीगलचं पिल्लू होतं, तसंच, महिन्याचं जेमतेम. एक जोडपं ते बघत उभं होतं. त्या बाईला काहीतरी सांगावंसं मला वाटलं. पण काय सांगणार? आम्ही निघालो.

मग आमच्या दूधवाल्यानं मार्ग काढला. तो उचगावचा. रोज सकाळी दूध घालता घालता त्यानं आमची रड ऐकलेली. म्हणाला, "आमच्या गोठ्यावर द्या की. राखणीला कुत्रं लागतंच. दूधभाकरी खाऊन ऱ्हाईल."

मला एकदम मोकळं वाटलं. एका रविवारी आम्ही आमच्या जुन्या गाडीत पिल्लाला मागे बसवून उचगावला गेलो. मी त्याची ताटली, चादर, उरलेलं खाणं सगळं बांधून घेतलं होतं. जागा चांगली होती. बारा-पंधरा म्हशी, कडब्याची गंज, कडुनिंबाची सावली. गोठ्याच्या दोन टोकांना दोन कुत्री बांधलेली होती. साखळी वावभर, पसरलेल्या दोन हातांएवढी. साखळीच्या टोकाला गोल फिरून फिरून जमीन झिजली होती.

"कायम बांधलेली असतात?" ह्यांनी विचारलं.

"मग काय!" दूधवाला म्हणाला. त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटलं नाही. "सोडलं तर रस्त्यावर जातंय, गाडीखाली येतंय. बांधल्यावर भुंकतंय चांगलं. काळजी करू नका काकी, पोटाला कमी पडू देणार न्हाई."

त्याचं खोटं नव्हतं. दोन्ही कुत्री अंगानं चांगली होती. मी चादरीची पिशवी गाडीतून काढली आणि त्याच्या हातात दिली. मला हे खरं सांगायला हवं, मी ती दिली. मी पिल्लाकडे बघितलंही नाही.

ह्यांनी दूधवाल्याच्या हातातनं पिशवी परत घेतली. "ऱ्हाऊ दे. घरात जरा विचार करतो," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

परत येताना मी संतापानं खिडकीकडे तोंड करून बसले. पाच मिनिटं गेल्यावर ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. शेजारून ट्रक चालले होते, प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती.

"आईला ठेवायची म्हणून एक जागा बघायला गेलतो मी," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. "कुठली जागा?"

"सांगली रस्त्याला. म्हाताऱ्या माणसांची. ती पडून तिसरं वर्ष असंल. तू नोकरी सोडलीस त्याच्या पुढच्या महिन्यात. कंपनीत हाफ डे टाकला आणि गेलतो. तुला सांगितलं न्हाई."

"मग?"

"जागा चांगली हुती. स्वच्छ. बाया पण बऱ्या वाटल्या. फॉर्म घेऊन आलतो. कंपनीतल्या कपाटात ठेवलावता, निवृत्त होईपर्यंत तिथंच हुता." ते समोरच्या काचेकडे बघत बोलत होते. "तुला सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. मग मला भरायला लागला असता."

मी म्हटलं, "हो. मी हो म्हणाले असते."

मागे पिल्लू काचेवर नाक घासत होतं. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही.

"रोज सकाळी त्यांच्या खोलीचं दार उघडायच्या आधी मी थोडं थांबायची," मी म्हटलं. "आत श्वासाचा आवाज आहे का ऐकायची. आणि आवाज आला की..."

"की काय?"

"मला वाईट वाटायचं."

सहा वर्षं ज्यांना मी भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं, ज्यांच्यासाठी सगळ्या नात्यात माझं नाव निघतं, त्यांच्या मुलाला मी हे सांगितलं. तो माझ्यावर ओरडेल किंवा दार उघडून उतरून जाईल असं मला वाटलं. ह्यांनी हात लांब करून माझा हात धरला. तळवा घामानं ओला होता. "मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "मी बघितलं हुतं तुला, दारात उभी राहिलेली."

गाडी सुरू केली. पिल्लू आमच्याबरोबर घरी आलं.

ह्यानं सगळं सोपं झालं, असं मी म्हणणार नाही. घर तेच, नियम तोच. फरक इतकाच की आता दारात शिफ्ट बदलताना आम्ही एकमेकांना खरं सांगायला लागलो. "आज मला ह्याचा वीट आलाय," असं मी म्हणायची. "मलाबी," हे म्हणायचे. कधी कधी आम्ही सासूबाईंबद्दल बोलायचो. त्या किती हट्टी होत्या, चहा कोमट झाला की कशा तोंड फिरवायच्या. ह्या गोष्टी त्या गेल्यापासून आमच्या घरात निघाल्याच नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंनी एक उपाय सांगितला. त्याला एकटं राहायची सवय लावायची, आधी एक मिनिट, मग दोन, मग पाच. रडत असताना परत जायचं नाही, थांबलं की जायचं. मग आम्ही रोज संध्याकाळी दाराला कुलूप लावून जिन्यात उभे राहायला लागलो. घड्याळ ह्यांच्या हातात. वर हेल सुरू. मी भिंतीला टेकून, हे कठड्याला. लोक चढताना-उतरताना आमच्याकडे बघायचे. तीन आठवडे झाले तरी ते चार मिनिटांच्या आत काही थांबत नव्हतं, आणि चौथ्या मिनिटाला माझा धीर सुटायचा.

एके दिवशी भाभींनी दार उघडलं. मला वाटलं, झालं, आता बोलणी बसणार.

"बाई, किती दिवस अशा जिन्यात उभ्या ऱ्हाणार?" त्या म्हणाल्या आणि ह्यांच्याकडे बोट केलं. "भाऊंचं गुडघं दुखतंय, दिसतंय मला. या आत."

"तुमच्या घरी बाळ..." मी म्हटलं. "आणि आमच्या कपड्यांना कुत्र्याचे केस आहेत. तुमच्याकडं नमाज असते."

"नमाजाची खोली तिकडं हाय. तुम्ही हिकडं बसा. आणि लेकराला आता सवय झाली त्याच्या गाण्याची. ते गप बसलं तर जागं हुतंय."

आम्ही आत गेलो. वीस वर्षांच्या शेजारात आम्ही दोघं मिळून त्यांच्या घरी कधी बसलो नव्हतो. नवीन कापसाची गादी घातलेल्या दिवाणावर आम्हांला बसवलं. सून बाळाला घेऊन समोर बसली. भाभींनी चहा टाकला. डोक्यावर, आमच्याच घराच्या जमिनीवर, पिल्लू रडत होतं. आवाज वरून येतो तेव्हा तो वेगळाच वाटतो, दुसऱ्या कुणाचा तरी. सगळ्यांनी एकदा छताकडे बघितलं आणि मग कुणी बघितलं नाही.

भाभी बाळाच्या बारशाच्या आठवणी सांगायला लागल्या. हे फौंड्रीतला कसलासा किस्सा सांगत होते. चहात आलं जास्त झालं होतं, घशाला झोंबत होतं. अकराव्या मिनिटाला वरचा आवाज चिरका झाला, तुटला, आणि बंद पडला.

ह्यांनी घड्याळ बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. आता उठायचं, वर जायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

भाभींनी विचारलं, "अजून अर्धा कप?"

"द्या," हे म्हणाले. मीही कप पुढे केला.